हाताचं माप

आमच्या गावातल्या निम्म्या द्राक्षबागांचे मांडव माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मनगटाएवढे उंच आहेत. थोरले दीर मांडव उभारायचं काम करतात, गाव त्यांना तारवाला म्हणतं. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी जाऊबाईंना अंगणात हात वर करून उभं केलं, मनगटाशी काठी धरली आणि तिथे विळ्याने खूण केली. मांडवाखाली काम बायकाच करतात, तेव्हा तार बाईच्या हाताला आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बोलणं बरोबर होतं, पण माप घ्यायला बाई चुकीची निवडली. जाऊबाईंएवढी उंच बाई साऱ्या गावात नव्हती. त्यामुळे माझ्यासारख्या बुटक्या बायका वर्षानुवर्षं टाचा उचलून काम करतात आणि दिरांच्या नावाने बोटं मोडतात. मी फक्त जाऊबाईंजवळ मोडत असे, बाकीच्या दिरांच्या तोंडावर.

आम्ही दोघी मुकादमीणबाईंच्या टोळीत होतो. टोळी चौदा बायकांची. हंगामाच्या पहिल्या दिवशी मुकादमीणबाई जोड्या लावायच्या, एक उंच आणि एक ठेंगणी. उंच बाईने तारेजवळचे वरचे घड करायचे, ठेंगणीने खाली लोंबणारे. म्हणजे ओळ एका फेरीत संपते, मागे फिरावं लागत नाही. जाऊबाईंना सगळ्या शिडी म्हणायच्या आणि मला पायरी. आमची जोडी सात वर्षं टिकली होती. ओळ आमचीच आधी संपायची, मग जाऊबाई शेजारच्या ओळीत जाऊन दुसऱ्यांचे वरचे घड करून द्यायच्या आणि वर ऐकवायच्या, "देवाने तुम्हाला अर्धवट सोडलं, मी काय करू?"

त्या वर्षी विरळणी, म्हणजे घडातले दाटीचे मणी कापून काढायचं काम, सुरू झाली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी जाऊबाई कंगवा घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.

"जरा माझा बुचडा बांधतेस?"

"का? हात मोडले वाटतं तुमचे?"

"खांदा धरलाय गं. झोपेत अंगाखाली आला असेल."

मी बुचडा बांधला. दुसऱ्या दिवशीही बांधला. पंधरा दिवस त्यांचा खांदा झोपेत अंगाखाली येत राहिला, तेव्हा मी थट्टा करणं सोडलं. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं सुजून वर आली होती. अंगठी साबण लावून काढावी लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही, चहाचा कप त्या दोन्ही तळव्यांत धरायच्या. उन्हं वर आली, दहा वाजले, की सांधे थोडे सैल व्हायचे.

पण हंगामात कुणाचं काही दुखत नाही असं असतं का? एकीची मान, एकीची टाच, एकीचं मनगट. आमच्याकडे त्याला हंगामाचं दुखणं म्हणतात आणि काढणी झाली की ते जातं, असं सगळ्या धरून चालतात. त्यामुळे जाऊबाईंचं दुखणंही आम्ही त्यातच जमा केलं.

घरात मात्र हळूहळू वस्तू खाली यायला लागल्या. जाऊबाईंना सगळ्यात वरची फळी वापरायची सवय, कारण तिथे दुसऱ्या कुणाचा हात पोचत नसे. आता साखरेचा डबा मधल्या फळीवर आला, मग ओट्यावर. एके दिवशी पिठाचा डबा जमिनीवर दिसला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घर रांगायला लागलं की काय?" जाऊबाई हसल्या. त्या दिवशी त्यांनी कपडे वाळत घालायला मला पुढे केलं, दोरी वर होती म्हणून.

मांडवाखाली काय चाललं होतं ते मला एका दुपारी दिसलं. विरळणीला उजव्या हातात बारीक टोकाची कात्री असते आणि ती दिवसभर डोक्याच्या वर धरावी लागते. जाऊबाईंनी डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं, हात वर उचलून नेला आणि बोटं तारेला अडकवली. ओला कपडा टांगावा तसा हात टांगला. मग त्या तिथूनच, हात न हलवता, बोटांपुढे येईल तेवढा घड कापायला लागल्या.

मी बघत राहिले.

"माझ्याकडे बघू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "घड बघ."

"ताई, हे हंगामाचं नाही. मुकादमीणबाईंना सांगा."

"सांगून? मला शेडमध्ये बसवतील."

शेडमध्ये म्हाताऱ्या बायका खाली बसून पेट्यांत घड भरतात, सुटे मणी निवडतात. ज्यांची कंबर गेली, नजर गेली, त्या तिथे जातात. तिथून मांडवाखाली परत आलेली बाई मी पाहिलेली नाही. जाऊबाई तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या.

"शिडी म्हणतात मला," त्या म्हणाल्या. "शिडी आडवी ठेवली तर तिचं काय करायचं? पाय पुसायचे? मला मांडवाखालून काढू देऊ नकोस. तेवढं कर."

मी तेवढं केलं. प्लास्टिकचं एक क्रेट बांधाकडून ओढून आणलं, त्यावर उभी राहिले आणि वरचे घड मी करायला लागले. खालचे त्यांनी घेतले. कोपरापासून खाली त्यांचे हात अजून चालत होते. मुकादमीणबाई ओळीच्या तोंडाशी दिसल्या की मी खोकायची, क्रेटवरून उतरायची, ते पायाने वेलामागे सारायची. जाऊबाई हात तारेला टांगून उभ्या. दिवसातून पंचवीस वेळा मी खोकायची. मुकादमीणबाईंनी एकदा मला खडीसाखरही आणून दिली.

आम्ही एक युक्तीही बसवली. कुणी अचानक हात वर करायला सांगितला तर? कंबर मागे टाकायची, खांदा उचलून कानाशी आणायचा, मान दुसऱ्या बाजूला न्यायची. समोरून बघणाऱ्याला हात छान वर गेलेला दिसतो. खरं तर हात तिथेच असतो, बाईच सगळी वाकलेली असते. गोठ्यामागे आम्ही ह्याचा सराव केला. मी समोर उभी राहून सांगायची, "अजून थोडी कंबर. हं. आता तोंड हसरं ठेवा." आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो होतो. आज ते आठवलं की मला स्वतःच्या दोन मुस्काटात मारून घ्याव्याशा वाटतात.

विरळणी संपत आली तेव्हा बोटांची सूज लपण्यासारखी राहिली नाही. कात्री हातातून दोनदा पडली. मुकादमीणबाई स्वतःच म्हणाल्या, "मला डोळे दाखवायला मोठ्या दवाखान्यात जायचंच आहे, शिडीलाही घेऊन जाते. पायरी, तूही चल." मुकादमीणबाई मनाने वाईट नव्हत्या. त्याच अडचण होत्या आमची.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, माझ्याहूनही लहान असतील. खोली अरुंद, एक टेबल, एक स्टूल, भिंतीवर हाडांचं चित्र. आम्ही तिघीही आत शिरलो. एकटीने तपासून घ्यायची आमच्यात कुणाला सवय नाही. डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंचं एकेक पेर दाबून पाहिलं, वहीत खुणा केल्या, सकाळी किती वेळ अंग आखडतं ते विचारलं. बोटांवरच त्यांचं सगळं लक्ष होतं. शेवटी लिहिता लिहिता म्हणाल्या, "आणि खांदे? दोन्ही हात वर करा बघू."

जाऊबाईंनी एकदा दाराशी उभ्या असलेल्या मुकादमीणबाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कंबर मागे टाकली, खांदे कानांशी आणले आणि तोंड हसरं ठेवलं.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खांदे ठीक." आणि तसं लिहिलं.

मी तिथेच उभी होते. दोन हातांवर. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण मला तेव्हा जाऊबाईंचं कौतुक वाटलं, की काय झकास जमवलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की हा संधिवात आहे, म्हातारपणाचा नव्हे, ह्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. आत्ता सुरुवात आहे, लवकर आलात ते बरं केलं. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "दीड महिन्याने या. आणि जिथे जिथे दुखतं ते सगळं सांगत जा, काही अंगावर काढू नका."

"नाही काढणार," जाऊबाई म्हणाल्या.

गोळ्यांनी बोटांची सूज उतरली. ती उतरली म्हणूनच घात झाला. मूठ वळायला लागली, कात्री धरता यायला लागली, आणि आम्हाला वाटलं आता खांदाही मागोमाग सुटेल. दीड महिन्याने काढणी ऐन भरात होती, दवाखान्यात कोण जाणार? जाऊबाई वरचे घड करत नव्हत्याच, त्यामुळे हात किती वर जातो हे आम्ही बघणंही सोडून दिलं होतं. मी क्रेटवर, त्या खाली. न वापरलेला खांदा आतल्या आत आखडत गेला. एक नाही, दोन्ही.

मग तो दिवस आला. द्राक्षं घ्यायला आलेला व्यापारी मालकाबरोबर बागेत शिरला होता. त्याला तारेजवळचा, उन्हात पिकलेला घड चाखायचा होता. सगळ्या बायका ओळींतून बाहेर येऊन सावलीत उभ्या होत्या. मुकादमीणबाई मोठ्या ऐटीत म्हणाल्या, "शिडी, काढून दे गं तो वरचा. आमच्या शिडीला स्टूल लागत नाही, साहेब."

मी पाण्याच्या टाकीशी होते, ओळीच्या दुसऱ्या टोकाला. मी धावत निघाले, पण धावून काय करणार होते?

जाऊबाईंनी कंबर मागे टाकली, खांदा कानाशी आणला. हात कानाएवढाही गेला नाही. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलायला पाहिला, पण डावाही आता तेवढा वर जात नव्हता. घड वर लोंबत होता, एरवी त्यांच्या कपाळाला लागायचा असा. मग त्यांनी उडी मारली. एवढी उंच बाई, दोन्ही हात अर्धवट पुढे धरून, जागच्या जागी उडी मारायला लागली. एकदा, दोनदा. बायकांना वाटलं ती नकला करतेय, त्या खो खो हसल्या. तिसऱ्या उडीला कुणी हसलं नाही. चौथ्या वेळी त्यांनी मान वर केली आणि तोंडाने घडाचं टोक धरायला बघितलं.

मुकादमीणबाई पुढे झाल्या आणि जाऊबाईंच्या हातातली कात्री काढून घेतली. हळूच काढली, हिसकावली नाही.

"कधीपासून?" असं त्यांनी विचारलं ते जाऊबाईंना नव्हे, मला.

"विरळणीपासून," मी म्हणाले.

"मी आंधळी नाही," त्या म्हणाल्या. "क्रेट मला रोज दिसत होतं. खोकलाही कळत होता. मला वाटलं, महिनाभराचं दुखणं असेल, निभावतायत एकमेकींचं, निभावू दे. हे एवढं असेल असं कशाला वाटेल मला?" व्यापारी आणि मालक दुसरीकडे बघत उभे होते. "उद्यापासून शेडमध्ये ये, शिडी."

दुसऱ्या दिवशी टोळीला न्यायला येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढताना जाऊबाईंना शेडमधल्या दोन म्हाताऱ्यांनी काखेत हात घालून वर घेतलं. आपल्यातलीच एक असल्यासारखं. मला दुसरी जोडीदारीण मिळाली, चांगली उंच, चटपटीत. तिने मला दिवसभर एकदाही टाचा उचलू दिल्या नाहीत आणि मी तिच्याशी दिवसभर एक शब्द बोलले नाही. तिची बिचारीची काय चूक होती?

त्या आठवड्यात दीर, जाऊबाई आणि मी पुन्हा दवाखान्यात गेलो. ह्या वेळी डॉक्टरीणबाई उठून जाऊबाईंच्या पाठीमागे उभ्या राहिल्या, एका हाताने खांदा खाली दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने दंड वर उचलला. हात खांद्याच्या रेषेला येऊन थांबला. जाऊबाई कळवळल्या. दुसऱ्या बाजूचाही तसाच. डॉक्टरीणबाईंनी मागचा कागद काढून वाचला.

"मागच्या वेळी ठीक होते?"

दीर आढ्याकडे बघत होते.

"नव्हते," मी म्हणाले. "त्यांनी वाकून दाखवलं होतं. मीच शिकवलं होतं."

डॉक्टरीणबाई मला रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागद पुन्हा दुमडला आणि म्हणाल्या, "मी मागून उभं राहून बघायला हवं होतं. मी बोटंच बघत बसले." मग नवा कागद पुढे ओढत, "तेव्हा कळलं असतं तर खांदा बराच हाती राहिला असता. आता जेवढा सुटेल तेवढा सोडवू."

औषध बदललं. रोज भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम दिला. जाऊबाई स्वयंपाकघरातल्या भिंतीशी उभ्या राहून बोटं चालवायच्या आणि मी कोळशाने खूण करायची. महिना झाला, दोन झाले. खुणा एकमेकींवरच पडत होत्या, भिंतीवर एक काळा ठिपका झाला. सासूबाईंनी एरवी भिंत घाण केली म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. आंघोळीच्या वेळी त्याच जाऊबाईंच्या डोक्यावर पाणी घालायच्या. बुचडा मी बांधायची. एक दिवस जाऊबाई म्हणाल्या, "कापून टाक केस. किती दिवस करशील?" मी म्हटलं, "मरेपर्यंत." त्या म्हणाल्या, "कोणाच्या?" आणि दोघी हसलो, पण हसू लगेच संपलं.

दिरांनी ह्या सगळ्यात कधी एक प्रश्न विचारला नाही. मला त्यांचा राग यायचा. वाटायचं, ह्या माणसाला लोखंड आणि तार सोडून काही दिसतं का?

पावसाळा ओसरल्यावर घराच्या मागच्या अर्ध्या एकरात आमची स्वतःची बाग लावायचं ठरलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे मांडव उभारले, एक आपला असावा ही दिरांची जुनी इच्छा. आमच्या ह्यांनी ट्रॅक्टरने खांब आणून टाकले. सकाळी साडेदहाच्या सुमाराला, जाऊबाईंचे सांधे सैल होतात त्या वेळी, दिरांनी मागून हाक मारली.

"ये गं जरा. हात वर कर."

जाऊबाई ओले हात पुसत बाहेर गेल्या. मी दारात उभी राहिले. दिरांच्या हातात ती जुनी काठी होती.

"खूण आहे की काठीवर," जाऊबाई म्हणाल्या.

"ती जुनी झाली."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. क्षणभर मला वाटलं त्या आत निघून जातील. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कंबर मागे टाकली, खांदा कानाशी आणला आणि तोंड हसरं ठेवलं. नवऱ्यासमोरसुद्धा. सवयच तशी लागली होती.

दीर काठी घेऊन पुढे आले नाहीत. ते वळसा घालून त्यांच्या मागे गेले आणि पाठीवर तळहात टेकवला.

"वाकू नकोस," ते म्हणाले. "सरळ उभी राहा."

"सरळ उभी राहिले तर हात येत नाही हो वर."

"कुठवर येतो ते बघू दे."

जाऊबाई सरळ झाल्या. खांदे खाली आले, मान मधोमध आली, आणि हात पुढून हळूहळू उठत खांद्याशी येऊन थांबला. दिरांनी शेजारी काठी उभी केली आणि मनगटाच्या उंचीवर काठीला सुतळी बांधली. जुनी खूण तिच्यावर हातभर राहिली. जाऊबाईंनी ती खूण बघितली आणि त्या रडायला लागल्या, मोठ्याने, लहान पोरीसारख्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. दिरांनी सुतळीला दुसरी गाठ मारली, ती नीट बसली का ते ओढून पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते.

"एवढ्या खाली द्राक्षं धरतील का?" जाऊबाईंनी नाक पुसत विचारलं.

"धरतील," दीर म्हणाले. "वेलाला काय माहीत आपण किती उंच."

घराला लागून असलेली पहिली ओळ त्यांनी त्या सुतळीच्या मापाने बांधली, कुंपणासारखी, एका तारेवर. बाकीच्या ओळींचा मांडव नेहमीच्या उंचीचा. येणारे-जाणारे विचारायचे, तारवाल्याचा हिशेब चुकला वाटतं? दीर म्हणायचे, हो, चुकला.

दुसऱ्या वर्षी वेल तारेवर आले, घड धरले. जाऊबाईंचे खांदे चार बोटं सुटले असतील, जास्त नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, आहे ते टिकलं तरी पुष्कळ. शेड त्यांनी सोडली. टोळीच्या वाटेलाही त्या आता जात नाहीत, ट्रॉली दारावरून गेली की आत काहीतरी काम काढतात. पण दहा वाजले की कात्री घेऊन त्या ओळीत उभ्या राहतात, कंबर सरळ, मान सरळ, आणि घड करतात. सुट्टीच्या दिवशी पलीकडच्या बाजूला मी असते.

पहिल्या दिवशी मी सवयीने क्रेट घेऊन गेले होते. ते लागलंच नाही. तार माझ्या हाताला अगदी बरोबर येत होती. टाचा जमिनीला टेकलेल्या, हात कोपरात दुमडलेले, मान खाली. लग्न होऊन आल्यापासून मी दिरांच्या नावाने बोटं मोडत आले होते, की एक ओळ तरी माझ्या मापाची बांधा म्हणून.

"बघ," जाऊबाई पानांमधून म्हणाल्या, "झाली एकदाची तुझ्या मापाची."

त्या हसत होत्या. मी त्या बाजूला बघितलं नाही. समोरचा घड हातात धरून किती वेळ उभी राहिले, आणि एकही मणी मला कापता आला नाही.